खड्डा कुणाचा, हे क्रमांक सांगतो

जालना जिल्ह्यातल्या शहागडमध्ये कुणालाही विचारा, गोदावरीच्या पुलावरून जाणारा रस्ता म्हणजे ‘धुळे-सोलापूर हायवे’. क्रमांक विचारला तर जुनी माणसं अजून २११ म्हणतात. केंद्राने २०१० साली देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक दिले आणि आपला रस्ता पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणाऱ्या ५२ चा भाग झाला.

हा बदल मला मनापासून पटतो. २११ या आकड्यावरून रस्ता देशात कुठे आहे याचा काही अंदाज येत नसे. आता सम क्रमांकाचा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो, विषम क्रमांकाचा पूर्व-पश्चिम. सम आकडे साधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात, म्हणून विदर्भात ४४, आपल्याकडे ५२ आणि कोकणात ६६. विषम आकडे दक्षिणेकडे वाढत जातात. धुळ्याहून ५२ धरून खाली या: धुळ्यालाच ५३ भेटतो, शहागडचा पूल ओलांडून गेवराईच्या पुढे गेलं की गढीला नगर-परभणी-नांदेडचा ६१, आणि सोलापुरात पुणे-हैदराबादचा ६५. मंठ्यावरून जाणारा ५४८-सी घ्या. त्यातले शेवटचे ४८ सांगतात की हा फाटा मुंबई-पुणे-बेंगळुरू महामार्गाचा, साताऱ्याहून फुटलेला. भूगोलाच्या तासाला हे शिकवायला हवं.

खरी अडचण महामार्ग सोडल्यावर सुरू होते. रस्त्यांची राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, गाव अशी उतरंड १९४३ च्या नागपूर परिषदेत मुख्य अभियंत्यांनी आखली. आज आपल्याकडे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे प्रजिमा, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. डांबर सगळीकडे सारखंच दिसतं, पण खड्डा बुजवणारं कार्यालय रस्त्याच्या दर्जावर ठरतं. त्यातून प्रजिमाचे क्रमांक प्रत्येक जिल्ह्यात नव्याने सुरू होतात. शहागडला पूल ओलांडला की बीड जिल्हा. जालन्यातला आणि बीडमधला एकाच क्रमांकाचा प्रजिमा हे दोन वेगळे रस्ते असतात. तक्रारीत जिल्हा लिहिला नाही तर अर्ज भलत्याच टेबलावर जातो, आणि तिथून तो सहसा परत येत नाही.

दर्जा वाढला म्हणून रस्ता सुधारतोच असंही नाही. गेल्या दशकात राज्यातल्या अनेक राज्यमार्गांना राष्ट्रीय महामार्ग म्हणून ‘तत्त्वतः’ मान्यता मिळाली. अशी मान्यता आणि प्रत्यक्ष हस्तांतर यांच्यामध्ये वर्षं जातात. तोवर राज्य म्हणतं रस्ता केंद्राचा, केंद्र म्हणतं अजून आमच्या ताब्यात नाही. या काळात पडलेल्या खड्ड्याची जबाबदारी कुणाची, हे मान्यतेच्या पत्रातच लिहिलेलं असलं पाहिजे.

किलोमीटरच्या दगडांचे रंग या उतरंडीवरूनच ठरलेले आहेत: राष्ट्रीय महामार्गाला पिवळा माथा, राज्यमार्गाला हिरवा. पण रंगावरून कार्यालय कळत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. शहागड, वडीगोद्री, पाचोड, प्रत्येक फाट्यावर पाटी लावा. तीवर रस्त्याचा दर्जा, क्रमांक, जिल्हा आणि देखभाल करणाऱ्या उपविभागाचा दूरध्वनी ठळक मराठीत असू द्या. आणि रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात गेला की त्याच आठवड्यात पाटी बदला.