आधी चपला, मग बूट

दादाची परवानगी घेऊनच लिहितेय, तेव्हा वहिनी, लगेच फोन करू नकोस!

जानेवारी २०२३ मध्ये दादाच्या रिपोर्टात साखर वाढलेली निघाली. वय ४९, नोकरी बसून, आणि व्यायाम म्हणाल तर टीव्हीचा रिमोट शोधणे. मी रोज पहाटे धावणारी, म्हणजे घरातली स्वयंघोषित तज्ज्ञ. पिठलं-भाकरीचं आमिष दाखवून पहिल्याच रविवारी त्याला पायवाटेने सिंहगडावर नेलं. बिचारा पोचला वर. पण सोमवारी त्याला जिना उतरता येईना, गुरुवारी कुठे पाय जरा बरे झाले. नवे बूट परत खोक्यात गेले. 'मला जमत नाही' असं तो म्हणाला. खरं म्हणजे मलाच शिकवता येत नव्हतं, पण हे कबूल करायला मला दहा महिने लागले.

माझं आता स्पष्ट मत झालंय. नवशिक्याला आपण आपला व्यायाम देतो, त्याला पेलेल असा देत नाही. पहिल्या महिन्यात वजन, घाम, किलोमीटर यातलं काहीच मोजू नये. ठरलेल्या वेळी माणूस घराबाहेर पडला की झालं.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा सुरुवात केली. मी दोन गल्ल्या सोडून राहते. रात्री जेवण झालं की मी त्यांच्या फाटकाशी उभी राहायची. चपला घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जायचं आणि परत यायचं, जेमतेम दहा मिनिटं. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर कमी चढते, म्हणून ही वेळ. वेग किती? ऑफिसला शिव्या घालता आल्या पाहिजेत इतपत!

"दहा मिनिटांनी काय होतंय? दहा हजार पावलं लागतात," दादाचं व्हॉट्सॅपी ज्ञान. हा आकडा मुळात १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही असा. पण तिथवर हळूहळू जायचं असतं. काहीच न करण्यापेक्षा थोडं बरं, हेही तीच सांगते. आम्ही दर पंधरवड्याला पाचेक मिनिटं वाढवली. पुढे खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं आलं. बूट त्याने स्वतःहून काढले, तिसऱ्या महिन्यात.

मध्ये एका लग्नापायी चार दिवस खाडा झाला. मी काही बोलले नाही, पाचव्या दिवशी फाटकाशी जाऊन उभी राहिले. लंडनमधल्या काही संशोधकांनी लोकांना सवय लागायला किती दिवस लागतात ते मोजलं होतं. कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५० च्या वर, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला वाटतं, बिघडतं ते त्या चुकल्या दिवसावरून ऐकवलेल्या टोमण्याने.

हे इतकं का लिहितेय? बाबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. आम्ही सगळे त्यांना रोज आठवण करायचो, "बाबा, आज गेलात का?" मी स्वतः धावून येऊन, चहा पिता पिता विचारायची. बाबा पेपरमागून "उद्यापासून" म्हणायचे. त्यांच्याबरोबर एकदाही कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. चालले असते तर राहिले असते, असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण रोजची ती दहा मिनिटं तरी मला मिळाली असती.

दादाची गोळी अजून चालू आहे, ती कमी करायची की नाही ते डॉक्टर बघतील. मी गावाला गेले तरी तो आता एकटा जातो. सिंहगडाचं नाव मात्र काढू देत नाही.

तुमच्या घरातही एखादा 'उद्यापासून'वाला असेलच. आधी डॉक्टरांना विचारून घ्या. मग सल्ला राहू द्या, आज जेवणानंतर त्याच्या आधी आपल्या चपला पायात घाला.