सभासदांची मोजदाद आणि संघटनांचे बळ

युरोपातील कामगार संघटनांचा काळ संपला, हे मत गेली चार दशके इतक्या ठामपणे मांडले जात आहे की, ते सिद्ध करण्याची गरजही आता फारशी कोणाला वाटत नाही. हा पूर्वपक्ष थोडक्यात असा आहे: पगारदारांपैकी किती जण संघटनेचे सभासद आहेत हे प्रमाण बहुतेक देशांत घसरत आले आहे, खाणी, पोलाद कारखाने आणि गोद्या यांची जागा दुकानांनी व कार्यालयांनी घेतली आहे, भांडवल देशांच्या सीमा सहज ओलांडते, तेव्हा मोठ्या कारखान्यांच्या युगात जन्मलेली संघटना त्या युगाबरोबरच अस्ताला जाणार. यातील घसरणीचे आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ही चूक पुस्तकांपुरती राहिली नसून तिची किंमत कामगारांनी मोजली आहे.

फ्रान्समध्ये दहा कामगारांमागे जेमतेम एक जण सभासद आहे, तर ब्रिटनमध्ये हे प्रमाण त्याच्या सुमारे दुप्पट आहे. सभासदत्व हेच बळाचे माप असते, तर ब्रिटिश कामगाराला अधिक संरक्षण मिळायला हवे होते. प्रत्यक्षात करारव्याप्ती, म्हणजे संघटना आणि मालक यांच्यातील सामूहिक करार किती कामगारांना लागू होतो याचे प्रमाण, फ्रान्समध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक आहे आणि ब्रिटनमध्ये एक चतुर्थांशाच्या आसपास आहे. याचे कारण कायद्यात सापडते. एका उद्योगात झालेला करार त्या उद्योगातील सर्व मालकांवर बंधनकारक करण्याचा अधिकार फ्रेंच श्रममंत्र्याला जून १९३६च्या कायद्याने मिळाला. ऑस्ट्रियात तर मालकांना त्यांच्या चेंबरचे सभासदत्व सक्तीचे असल्यामुळे चेंबरने केलेला करार जवळजवळ सर्वांना आपोआप लागू होतो. संघटनांचे वर्तन समजून घ्यायचे तर वाटाघाटींची रचना पाहावी लागते, हे ह्यू क्लेग यांनी १९७६मध्येच सहा देशांच्या तुलनेतून दाखवले होते. प्रातिनिधित्व ठरवण्यासाठीही सभासदनोंद हेच एकमेव माप नाही: फ्रान्समध्ये २००८पासून संघटनेचे प्रातिनिधित्व मुख्यतः कामगारांच्या मतदानावर ठरते. मुंबईच्या गिरण्यांत मात्र १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने सभासदनोंदीवरच भिस्त ठेवली, आणि १९८२मध्ये गिरणी कामगार अशा नोंदीवर मान्यता मिळालेल्या संघटनेला सोडून कामगार नेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

घसरण ही काळाची गती आहे, हा पूर्वपक्षाचा दुसरा आधारही टिकत नाही. स्वीडनमध्ये बेकारी विमा निधी कामगार संघटनांशी जोडलेले आहेत. बेल्जियममधील गेंट शहरावरून या पद्धतीला गेंट पद्धत म्हणतात आणि तिच्यामुळे कामगार सहजपणे संघटनेत येतो. २००७मध्ये तिथल्या सरकारने या निधीची वर्गणी बरीच वाढवली, तेव्हा दोनच वर्षांत सभासदांचे प्रमाण ७७वरून ७१ टक्क्यांवर आले. यंत्रे आणि बाजारपेठा दोन वर्षांत इतक्या बदलत नाहीत. बदलला होता तो सरकारचा निर्णय. जर्मनीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे कोणताही मोठा कायदा रद्द न होता करारव्याप्ती निम्म्याच्या आसपास उतरली. पण तिथेही मालकांच्या संघटनांनी कराराचे बंधन नसलेले सभासदत्व देऊ केले आणि मालकाला संघटनेत राहूनही करारातून सुटण्याची वाट मोकळी झाली. हाही निर्णयच होता, फक्त तो संसदेत झाला नाही.

येथे एक उलट चूकही टाळली पाहिजे. करारव्याप्ती मोठी असली की सभासद कमी असले तरी बिघडत नाही, असे मानणाऱ्यांनी ग्रीसकडे पाहावे. तेथे कर्जदात्यांच्या अटींनुसार करारांचा विस्तार स्थगित झाला, उद्योगपातळीवरील करारापेक्षा कमी वेतनाचा करार एकेका कंपनीत करण्याची मुभा मिळाली, आणि संघटना व मालक यांच्या राष्ट्रीय करारात ठरलेले किमान वेतन फेब्रुवारी २०१२मध्ये सरकारी आदेशाने २२ टक्क्यांनी, पंचविशीच्या आतील तरुणांसाठी ३२ टक्क्यांनी, कापण्यात आले. फ्रान्समध्येही २०१६ आणि २०१७च्या बदलांनंतर बहुतेक बाबतींत कंपनीतील करार उद्योगाच्या करारावर मात करतो, म्हणजे व्याप्तीचा आकडा कायम राहून त्यातला आशय पातळ होऊ शकतो. लुचो बाक्कारो आणि ख्रिस हाउवेल यांनी २०१७च्या ग्रंथात संस्थांचा सांगाडा टिकूनही मालकाची मोकळीक कशी वाढते हे दाखवले आहे, आणि त्यांच्या या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

म्हणून संघटनेचे बळ दोन गोष्टींच्या सांधणीत पाहावे लागते: करार सर्वांना लागू करणारी व्यवस्था, आणि ती व्यवस्था काढून घेतली जात असताना कामाच्या ठिकाणी उभे राहू शकणारे कामगार. केवळ आकड्यांवर विसंबणारे संशोधन यांतल्या दुसऱ्या गोष्टीला हातच घालत नाही. युरोपीय संघाच्या २०२२च्या किमान वेतन निर्देशाने, ज्या देशांत करारव्याप्ती ८० टक्क्यांपेक्षा कमी आहे त्यांना ती वाढवण्याचा कृती आराखडा करणे बंधनकारक केले आहे. हा निर्देश स्वागतार्ह आहे. तरी डेन्मार्क आणि स्वीडनच्या संघटनांनी त्याला केलेला विरोध हट्टीपणाचा नव्हता. वेतन ठरवण्याचे काम कायद्याच्या हाती गेले की पुढचे सरकार ते फिरवू शकते, ही त्यांची भीती अथेन्समध्ये खरी ठरली होती. या आराखड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी टक्केवारी नोंदवून थांबू नये. करारातून बाहेर पडण्याची मालकाची वाट बंद झाली का, संघटनेच्या प्रतिनिधीला कामाच्या जागी प्रवेश मिळाला का, आणि वाटाघाटींना बसलेल्यांच्या मागे संपावर जायला तयार असलेले किती कामगार आहेत, हेही त्यांनी तपासले पाहिजे.