'सैराट'ची गाणी: जेवढं नाव झालं तेवढी मोठी आहेत का?

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर रात्री वाचा. राजकारण फार नाही, पण अगदीच नाही असंही नाही.

परवा लोह्याकडं एका पाहुण्याच्या लग्नाला गेलो होतो. वरात मारुतीच्या पाराजवळ आली आणि डीजेवाल्यानं 'झिंगाट' लावलं. इतकी वर्षं झाली, तरी ते लागल्यावर बुंदीच्या कढईजवळचा आचारीसुद्धा हलायला लागतो. माझ्या शेजारी भाचा उभा होता. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, गिटार वाजवतो, इंग्रजी रॉक ऐकतो. म्हणाला, "मामा, काहीही म्हणा, मराठीत जागतिक लेवलचा अल्बम एकच झाला, सैराट. बाकी सगळं लोकल."

मी म्हणालो, "जागतिक लेवलचा म्हणजे काय रे?"

"हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड केलाय ना मामा!"

तिथं डीजेपुढं वाद घालणं शक्य नव्हतं, म्हणून इथं घालायलोय.

आधी जे खरं आहे ते सांगतो. चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला आला. गाणी चारच. 'याड लागलं' अजय गोगावलेंनी गायलं, 'आताच बया का बावरलं' श्रेया घोषाल, 'सैराट झालं जी' चिन्मयी आणि अजय, आणि 'झिंगाट' दोघा भावांनी मिळून. गाण्यांमागचं सिंफनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाजवून घेतलं. तिथं असं ध्वनिमुद्रण करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पुढं शंभर कोटींच्या घरात जाणारा पहिला मराठी चित्रपट झाला. कानडीत 'मनसु मल्लिगे' (२०१७) आला, हिंदीत 'धडक' (२०१८) आला, आणि झिंगाट हिंदीतही वाजलं.

आता 'हॉलिवूड'चं बघू. परदेशी वाद्यवृंद घेणं ही काही आभाळातून पडलेली गोष्ट नव्हती. इळैयाराजांनी 'हे राम'साठी (२०००) बुडापेस्टच्या वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतलं होतं. त्याचा फ्लेक्स कुणी चौकात लावला नाही. आपल्याकडं मात्र गाणं चांगलं आहे हे सांगायला कुणालातरी अमेरिकेचा दाखला लागला. तहसीलच्या दाखल्यासारखा. सही-शिक्का असला की माणूस खरा, नसला की संशयित. अजय-अतुल जुन्नर-शिरूर भागात वाढलेले, शास्त्रोक्त संगीताची तालीम न झालेले भाऊ. त्यांनी 'जोगवा' केला तेव्हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'नटरंग' केला तेव्हा सगळा महाराष्ट्र नाचला, आणि त्याला लॉस एंजेलिस लागलं नाही. निव्वळ गाणी म्हणून कॅसेट लावून ऐकायची असतील, तर माझ्या कानाला आजही 'जोगवा' आणि 'नटरंग' वरचढ आहेत. 'जीव रंगला' ऐकताना चित्रपट पाहिलेला असावा लागत नाही. 'सैराट'मधलं एखादं गाणं तसं एकटं उभं राहतं का? 'याड लागलं' राहतं. 'आताच बया' थोडंफार. 'सैराट झालं जी' मला दोनदा ऐकल्यावर लांबल्यासारखं वाटतं, चिडू नका. झिंगाट तर ऐकायचं गाणंच नाही, ते अंगात यायचं गाणं आहे.

भाच्याच्या इंग्रजी रॉकमध्येही हीच भानगड आहे. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' १९६७ चा. त्यातल्या शेवटच्या गाण्यासाठी त्या चौघांनी चाळीस वादकांचा ताफा स्टुडिओत आणला होता. 'रोलिंग स्टोन' मासिकानं २००३ मध्ये सर्वकाळच्या ५०० अल्बमची यादी काढली, तेव्हा हा पहिल्या नंबरावर होता. २०२० मध्ये त्याच मासिकानं यादी नव्यानं केली तर तो चोविसावा. पहिल्या जागी मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला, १९७१ चा. अल्बम तोच, सूर तेच, एक टिपकागद हलला नाही. मतदान करणारी माणसं बदलली. म्हणून कुणी 'सर्वश्रेष्ठ' म्हणलं की मी विचारतो, कुणी ठरवलं आणि तेव्हा तो काय करत होता?

मी काय करत होतो ते सांगतो. ते २०१६ चं वर्ष आमच्याकडच्या माणसाला विसरता येणार नाही. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, 'जलदूत'. आमच्या कंधारात मन्याडच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. मी रोज टँकरच्या खेपा मोजून बातमी पाठवायचो. अशात मे महिन्यात नांदेडला जाऊन आम्ही सहा जणांनी 'सैराट' पाहिला. 'याड लागलं' सुरू होतं, परशा पळत सुटतो, विहिरीत उडी मारतो. विहीर भरलेली. थेटरात शिट्ट्या वाजल्या, पण माझ्या मागच्या रांगेतला एक बाप्या मोठ्यानं म्हणाला, "आरं, पानी किती हाय बघ!" सगळे हसले. मीही हसलो. पण त्या गाण्याबद्दल मला जे कळलं ते तिथंच कळलं.

मच्छीमाराचं एक पोरगं, ज्याच्या घरात पाहुणा आला तर बसायला खुर्ची नाही, ते विहिरीकडं पळतंय आणि त्याच्यामागं सगळं सिंफनी ऑर्केस्ट्रा लागलंय. व्हायोलिनं, ब्रास, सगळं. आजवर असला थाट आपल्या पडद्यावर कुणाच्या वाट्याला आला? स्वित्झर्लंडला गेलेल्या शेठच्या पोराच्या. गावकुसाकडच्या पोराला हलगी, नाहीतर करुण बासरी. म्हणजे एकतर नाच, नाहीतर दया. इथं पहिल्यांदा त्याच्या मनात जेवढं मोठं वाटतंय तेवढंच मोठं संगीत त्याला दिलं. याच्यासाठी लॉस एंजेलिसला जावं लागलं असेल तर गेले ते बरं केलं. अल्बमचं नाव व्हायचं असेल तर या एका गोष्टीसाठी व्हावं. पण 'हॉलिवूड'चा डंका पिटणाऱ्यातल्या किती जणांनी हे बोलून दाखवलं?

आता खरं दुखणं.

चारही गाणी पूर्वार्धात आहेत. चित्रपट जवळपास तीन तासांचा. पोरं पळून हैदराबादला जातात, आणि तिथून पुढं गाणं नाही. झोपडपट्टी, उसनी खोली, डोश्याची गाडी, कारखान्यातलं काम, भांडण, संशय, लेकरू. हैदराबाद आम्हाला परकं नाही. १९४८ पर्यंत आमची राजधानीच होती ती, आणि आजही कंधार-मुखेडची माणसं कामाला तिकडं जातात. पळून जाणारीही तिकडंच जातात. तो उत्तरार्ध बघताना मला तो पिक्चर वाटलाच नाही. आणि शेवटी? शेवटी आवाजच नाही. ते लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं आणि थेटरात पंखा ऐकू येतो. ज्यानं अडीच तासांपूर्वी सगळं ऑर्केस्ट्रा ओतलं, त्यानंच शेवटी सूर काढून घेतले. ही सगळी मिळून एक रचना आहे. नागराज मंजुळे हे मुद्दाम करतात. 'फँड्री'च्या वेळी अजय-अतुलचं गाणं जाहिरातीत गाजलं, चित्रपटात मात्र ते नव्हतंच. इथं गाणी आहेत, पण अर्ध्यापर्यंतच.

आपण काय केलं? अर्धं उचललं, पेन ड्राइव्हमध्ये घातलं आणि वरातीत लावलं. शांतता डाऊनलोड होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की, अल्बम म्हणून 'सैराट' अर्धवट आहे. चित्रपटाचं संगीत म्हणून तो नावापेक्षाही मोठा आहे. दोन्ही एकदम खरं आहे.

हे मी कुणा समीक्षकाच्या पुस्तकातून आणलेलं नाही. मला ते एका माणसानं शिकवलं.

२०१७ चा पावसाळा. आमच्या तालुक्यातली एक पोरगी आणि एक पोरगा, वेगळ्या जातीचे, पळून गेले. दोघं सज्ञान. पोलिसांना हैदराबादच्या बाजूला सापडले, जबाब झाले, "स्वखुशीनं गेलो" म्हणाले. मी बातमी केली. मथळा काय दिला असेल? "'सैराट' जोडपं अखेर सापडलं". मला तेव्हा लई भारी वाटला होता तो. डेस्कनं बदलला नाही, उलट 'छान' असा मेसेज आला. गावांची नावं छापली. त्या काळात तालुक्यातालुक्यात आम्ही सगळे वार्ताहर हेच करत होतो. कुणी पळालं की 'सैराट', कुणी मारलं की 'सैराटची पुनरावृत्ती'.

दोन दिवसांनी मुलाचा बाप आला. माझी बसायची जागा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाची मागची खोली. धोतर, टोपी, हातात घडी केलेला पेपर. चहा घ्या म्हणलं तर घेतला नाही. पेपर टेबलावर ठेवला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, मला वाचता येत न्हाई. नातीनं वाचून दाखविलं. त्यो पिच्चर मी बघितलाय, यष्टीनं नांदेडला जाऊन. त्याच्या शेवटाला काय व्हतंय ते तुमाला ठावं हाय ना?"

मी गप्प.

"मंग तसं कशाला लिव्हलं?"

त्याला उत्तर देता आलं नाही. आजही देता येणार नाही. मुलीकडच्यांना जणू आम्ही पेपरातून आठवण करून दिली होती की या गोष्टीचा शेवट असा असतो बरं का. सोनई २०१३ मध्ये झालं होतं, खर्डा २०१४ मध्ये. आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आम्ही मथळा देताना गाण्याचा अर्धा भाग ऐकत होतो, एवढंच.

ती दोघं आज जिवंत आहेत, दूर एका शहरात आहेत, एक लेकरू आहे. गावाकडं आलेली नाहीत. आंतरजातीय लग्नाला सरकार पन्नास हजार रुपये देतं, ती फाईल त्यांनी केली की नाही मला ठाऊक नाही. कागदावर गावाचा पत्ता लागतो, तो लिहायलाच भीती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शक्ती वाहिनी प्रकरणात सांगितलं, जिल्ह्याजिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष काढा, संरक्षण द्या. आणि जानेवारी २०२३ मध्ये आमच्याच नांदेड जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला प्रेमसंबंधावरून मारल्याच्या आरोपात तिच्या घरच्यांनाच अटक झाली. त्या दिवशी तरी मी मथळ्यात 'सैराट' लिहिलं नाही. एवढीच काय ती माझी सुधारणा.

काहीजण म्हणतील, यात अजय-अतुलचा काय दोष? काहीच नाही. गाणाऱ्यानं गायलं, दाखवणाऱ्यानं शेवटापर्यंत दाखवलं. आणि झिंगाटवर नाचणाऱ्यांवरही माझा राग नाही. दुष्काळात, उन्हात, कर्जात माणूस नाचणार नाही तर काय करणार. फक्त एक खटकतं. वरातीत झिंगाटवर सगळ्यात पुढं जो काका नाचतो, तोच काका घरी पोरीचा मोबाईल तपासतो. दोन्ही मी एकाच घरात बघितलंय. नाव घेत नाही, पाहुणेच आहेत.

भाच्याला त्या रात्री जेवणाच्या पंगतीत एवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही गाण्याचं विचारलं की बातमीच सांगता." बरोबर आहे त्याचं. मग त्यानं विचारलं, रँकिंग सांगा. सांगितलं: 'जोगवा' पहिला, 'नटरंग' दुसरा, 'सैराट' तिसरा, पण 'याड लागलं' त्या तिन्हींतल्या पहिल्या तीन गाण्यांत. त्याला पटलं नाही. पुण्याला गेल्यावर पुन्हा एकदा चित्रपट बघतो म्हणाला, पूर्ण. बघून फोन करणार होता, अजून आलेला नाही.

क्रमवारीवरून भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या, मी जागा आहे. 'जत्रा'वाल्यांनाही जागा आहे. जातीवरून घसरलात तर कमेंट उडवीन, ओळखीचा असलात तरी. आणि ज्या कुणाकडं २०१७ च्या त्या बातमीचं कात्रण असेल, त्यांनी कृपा करून फोटो टाकू नये. त्यात गावांची नावं आहेत.