‘सॅफ्रन’ : एका विशेषणाचे अपहरण

शब्दांना जन्म असतो, कुळ असते आणि प्रसंगी त्यांचे अपहरणही होते. इंग्रजीतील ‘सॅफ्रन’ हे विशेषण त्याचे ठळक उदाहरण होय. मूळ अरबी ‘जाफरान’. फ्रेंचमार्गे तो शब्द इंग्रजीत गेला. अर्थ एवढाच : केशर, आणि केशराचा पिवळसर नारिंगी रंग.

संन्याशाची छाटी मात्र परंपरेने रंगते ती गेरूत. केशर ही धनिकाच्या घरची वस्तू, तर गेरू ही पायाखालची माती. ज्याने सर्वस्व सोडले त्याने मातीचा रंग अंगावर घ्यावा, हा भगव्याचा भाव. वारकऱ्यांच्या पताकेचा आणि शिवछत्रपतींच्या ध्वजाचा रंग तोच. भगव्याला ‘सॅफ्रन’ म्हणताच रंग जेमतेम उरला, त्याग गळून पडला. अर्थ गमावलेल्या शब्दापुढे मग काहीही जोडता येते.

ते जोडले गेले मालेगावच्या निमित्ताने. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिकू चौकात स्फोट झाला. सहा निरपराधांचा बळी गेला. पुढे इंग्रजी वृत्तपत्रांत ‘सॅफ्रन टेरर’ रुळले. २५ ऑगस्ट २०१० रोजी दिल्लीत पोलीसप्रमुखांच्या परिषदेत तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी तेच शब्द वापरले. त्यांच्या स्वपक्षालाही ते पचले नाहीत. न्यायालयात आरोपनिश्चिती व्हायला २०१८ उजाडले. विशेषणाने मात्र निकाल आठ वर्षे आधीच देऊन टाकला होता! ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्या निकालाचे सार.

हा न्याय एकाच समाजासाठी मागणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत प्रथम पकडलेले मुस्लीम आरोपीही २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. तोवर त्यांच्याही आयुष्याची वर्षे तुरुंगात गेली होती. दोन्ही वेळा संशयाने पुराव्याला मागे टाकले.

या शब्दच्छलात हरवले ते मृतांचे आप्त. ते उच्च न्यायालयाच्या दारी गेले आहेत. भिकू चौकात बाँब कोणी ठेवला, या त्यांच्या प्रश्नाला कोणतेही विशेषण उत्तर देऊ शकत नाही. गुन्हेगाराला नाव असावे, त्याच्याविरुद्ध पुरावा असावा. त्याला रंग कशासाठी? आणि भगव्याला आपण तरी भगवाच म्हणावे.