तबकडी उजळू नका

झाशीपासून समुद्र किती दूर आहे, हे नकाशावर बोट ठेवून पाहावे. शहराबाहेर पहूज आहे, ओरछ्याला बेतवा आहे; पण या दोन्ही नद्यांत उतरणाऱ्यास तीनशे मीटर खोलीचा दाब सोसणारे घड्याळ लागावे, असे काही नाही. तरीही पाणबुड्यांच्या घड्याळांविषयी मला सर्वांत गंभीर प्रश्न विचारला गेला तो याच शहरात, आमच्या शाखेतील लॉकरच्या दालनाबाहेर.

नेवाळकरांच्या काळात बुंदेलखंडात आलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही आजही झाशीत नांदत आहेत. १८४२ मध्ये मणिकर्णिका आणि गंगाधरराव यांचा विवाह ज्या गणेश मंदिरात झाला, तेथील उत्सवात त्यांची मराठी अजून कानी पडते. अशाच एका घरातील वयोवृद्ध ग्राहक रुमालात गुंडाळलेले घड्याळ घेऊन आले. वडिलांचे फाव्र-लूबा, ‘सी चीफ’. तबकडी पिवळसर पडलेली, सातच्या आकड्यापाशी तपकिरी डाग. माणिक चौकातील एका घड्याळजीने काही शे रुपयांत ती ‘नव्यासारखी’ करून देण्याची तयारी दाखविली होती. “करून घेऊ का? तुम्हाला यातले कळते, असे ऐकले,” त्यांनी विचारले.

मी तत्काळ नको म्हणालो. त्या ‘नको’मागची कारणे येथे मांडत आहे, कारण हा प्रश्न पुष्कळ घरांतील कपाटांत पडून आहे.

फाव्र-लूबा हे नाव आपल्याला परके नाही. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल येथे १७३७ मध्ये मूळ धरलेल्या या घराण्याने १८६५ मध्ये मुंबईत व्यवहार सुरू केला आणि ‘फेवरलुबा’ हा जणू देशी शब्द झाला. २०११ मध्ये हे नाव टायटनने घेतले, २०२३ मध्ये ते एथोस समूहाकडे गेले. ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ ही त्यांची रोजच्या वापराची घड्याळे. नावात समुद्र असला तरी ती पाणबुड्यांची नव्हेत. खऱ्या पाणबुड्यांसाठी याच घराण्याने साठच्या दशकात ‘डीप ब्लू’ काढले आणि पुढे ‘बॅथी’ काढून सर्वांवर मात केली. ‘बॅथी’चा एक काटा पाण्याची खोली दाखवीत असे. त्याच्या दोन आवृत्त्या होत्या: ‘बॅथी ५०’ मीटरमध्ये मोजणारी, ‘बॅथी १६०’ फुटांमध्ये. यंत्र तेच, तबकडी निराळी. संग्राहकांचे सारे जग या वाक्यात सामावते.

रोलेक्स ‘सबमरिनर’चे उदाहरण घ्या. १९५३ पासून चालत आलेल्या या घड्याळाचा आकार अनोळखी माणसाला सत्तर वर्षांत बदललेला जाणवणार नाही. संग्राहकाला मात्र जुन्या तबकडीवरील सोनेरी अक्षरे आणि नंतरच्या तबकडीवरील पांढरी अक्षरे यांत दोन युगांचे अंतर दिसते. तारीख दाखविणाऱ्या पहिल्या सबमरिनरच्या, म्हणजे १६८० क्रमांकाच्या, आरंभीच्या तबकड्यांवर घड्याळाचे नाव तांबड्या अक्षरांत छापलेले होते; पुढे ते पांढरे झाले. एवढ्या एका तांबड्या ओळीसाठी लोक जास्तीचे लाखो रुपये मोजतात. हिरव्या रंगाचेही तसेच: २००३ मध्ये केवळ बाहेरचे कडे हिरवे, २०१० मध्ये तबकडीही हिरवी, २०२० मध्ये पुन्हा काळी तबकडी आणि हिरवे कडे. ओमेगाच्या ‘सीमास्टर’वरील लाटांची नक्षी एकदा गेली आणि २०१८ मध्ये परत आली. मला विचाराल तर हा रंगांचा खेळ बराचसा विक्रेत्यांचा आहे. ब्लाँपाँच्या ‘फिफ्टी फॅदम्स’ची गोष्ट वेगळी. त्याच्या एका लष्करी तबकडीवर सहाच्या आकड्याजवळ एक छोटी चकती असे. घड्याळात ओलावा शिरला की तिचा रंग बदले. दुसऱ्या एका तबकडीवर किरणोत्साराचे चिन्ह फुली मारून छापलेले असे, कारण रेडियमची भीती लोकांच्या मनात बसली होती. या खुणांना कारण होते. म्हणून त्या मला अधिक मोलाच्या वाटतात.

रेडियमनंतर ट्रिटियम आले. त्याचे अर्धायुष्य सुमारे बारा वर्षे. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे घड्याळ आज अंधारात जवळजवळ आंधळे असते. तसे घड्याळ रात्रभर लखलखत असेल तर आनंद मानू नये, संशय घ्यावा. कोणीतरी नवा रंग भरला आहे. आपल्या देशात हा संशय विशेष आवश्यक, कारण जुन्या घड्याळांच्या तबकड्या खरवडून, भडक रंगांत पुन्हा छापून विकण्याचा येथे मोठाच धंदा आहे. परदेशातील संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. ते ऐकून मनाला लागते, पण खोटे म्हणता येत नाही. सरकारने २०१६ मध्ये एच.एम.टी.चा घड्याळ व्यवसाय गुंडाळण्याचा निर्णय घेतल्यानंतर जुन्या ‘जनता’ आणि ‘पायलट’ घड्याळांना मागणी आली, आणि त्यांच्यावरही हाच प्रयोग सुरू झाला. देवनागरी अक्षरांची अस्सल ‘जनता’ हाती आली असेल तर तिला रंगाऱ्यापासून जपावे.

आता पैशाची बाजू. २०१७ मध्ये पॉल न्यूमन या अभिनेत्याचे रोलेक्स ‘डेटोना’ लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले. अशा बातम्या वाचून तरुण ग्राहक घड्याळाकडे मुदत ठेवीच्या नजरेने पाहू लागतात. २०२१ मध्ये वापरलेल्या घड्याळांचे भाव असेच चढले आणि २०२२ च्या वसंतानंतर घसरले. शिखरावर घेणारे तेथेच अडकले. घड्याळ व्याज देत नाही, उलट दर काही वर्षांनी तेलपाण्याचा खर्च मागते. दहा लाखांहून महाग मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने एक टक्का कर वसूल करावयाचा आहे. तो विवरणपत्रात जमा दाखविता येतो, परंतु खरेदीची नोंद होते हे ध्यानी असावे. लॉकरचेही तेच. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. तीन हजार भाडे असेल तर तीन लाख. त्याहून मोलाच्या वस्तूचा विमा वेगळा उतरवावा.

आणि पाण्याविषयी. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाणबुड्याचे घड्याळ किमान शंभर मीटरचे असते आणि प्रत्येक नग लिहिलेल्या दाबाहून पाव पट अधिक दाबावर तपासला जातो. पण ती कसोटी नव्या घड्याळाची. आत रबराची कडी असतात, ती वाळतात. चाळीस वर्षांचे ‘तीनशे मीटर’ नळाखालीदेखील धरू नये.

आमच्या ग्राहकांनी यंत्र तेवढे साफ करून घेतले, तबकडी तशीच ठेवली. सातच्या आकड्यापाशी डाग कसा पडला, हे त्यांना त्यानंतर आठवले: वडील रेल्वेत होते, पावसाळ्यात रात्रपाळीहून भिजत येत आणि हातातले घड्याळ न काढताच जेवायला बसत. परवा ते पुन्हा शाखेत आले, तेव्हा लॉकर उघडला तो दागिन्यांसाठी. घड्याळ मनगटावर होते, चार मिनिटे मागे.