सल्ला दिला, म्हणजे जबाबदारी संपली का?




परदेशात युद्ध पेटले, दंगल उसळली आणि आपली मुले तिथे अडकली, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘सरकारने आधीच सांगितले होते, मग निघाले का नाहीत?’ २०२२ मध्ये युक्रेनच्या वेळी ते ऐकले, जून २०२५ मध्ये इराणच्या वेळी पुन्हा ऐकले. जालन्यासारख्या जिल्ह्यातून डॉक्टर व्हायला परदेशी गेलेल्या मुलांच्या घरच्यांना हे वाक्य फार लागते. सांगितले होते, हे खरेच. पण काय सांगितले, केव्हा आणि कोणाला, हे तारखा लावून पाहायला हवे.

युक्रेन सोडा, असे अमेरिका आणि ब्रिटनने आपापल्या नागरिकांना १०-११ फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास स्पष्ट बजावले. कीव्हमधल्या आपल्या दूतावासाचा पहिला सल्ला १५ फेब्रुवारीचा. ज्यांचे राहणे आवश्यक नाही, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते निघण्याचा विचार करावा, असा त्याचा सूर होता. पाचव्या वर्षाला शिकणाऱ्या मुलाचे राहणे आवश्यक की अनावश्यक, हे ठरवायचे कोणी? २० तारखेला सूर थोडा चढला. २२ तारखेला दूतावासानेच लिहिले की ऑनलाइन वर्गांविषयी विचारणारे पुष्कळ फोन येत आहेत, पण विद्यापीठांच्या उत्तराची वाट न पाहता निघा. त्याच रात्री पहिले विशेष विमान दिल्लीत उतरले. २४ च्या पहाटे रशियाने हल्ला केला, युक्रेनचे आकाश बंद झाले आणि त्या दिवशी निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेवरून परतले. म्हणजे ‘वाट पाहू नका’ हे स्पष्ट शब्द कानी पडल्यावर हजारो मुलांच्या हाती दीड-दोन दिवस होते. १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये मारला गेला.

मुले बेफिकीर होती म्हणून थांबली, असे म्हणणे सोपे आहे. पण दूतावासाला आलेले ते फोनच त्यांची अडचण सांगतात. हजेरी बुडाली तर वर्ष जाईल, ऑनलाइन शिकलेले भारतात धरले जाणार नाही, ही भीती हवेतली नव्हती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमावलीने परदेशी वैद्यकीय पदवीसाठी किमान ५४ महिन्यांचे शिक्षण एकाच संस्थेत घेण्याची अट घातली होती. एक सरकारी खाते म्हणत होते निघा, दुसऱ्याचे नियम म्हणत होते पूर्ण करूनच या. आयोगाने पुढे सवलती दिल्या, पण त्या युद्ध सुरू झाल्यावर आणि काही तर कोर्टाच्या पायऱ्या चढल्यावर. त्यातली एखादी हमी १५ फेब्रुवारीच्या सल्ल्यासोबत आली असती, तर किती तरी जणांनी बॅगा भरल्या असत्या.

आता ‘कोणाला सांगितले’ याकडे येऊ. सल्ला निघतो इंग्रजीत, दूतावासाच्या संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर. शिक्षणाचे कर्ज काढणारा, शेत गहाण ठेवणारा बाप असतो परतूरला किंवा भोकरदनला. २० फेब्रुवारीच्या सल्ल्यात तर विमानांच्या माहितीसाठी विद्यार्थ्यांनी आपापल्या कंत्राटदारांशी, म्हणजे आपण ज्यांना एजंट म्हणतो त्यांच्याशी, संपर्कात राहावे असे सुचवले होते. ज्याचा धंदाच मुले तिकडे पाठवण्यावर चालतो, त्याच्याकडून ‘परत या’ हा निरोप वेळेवर येईल, असे कसे धरायचे?

हवामान खाते यलो, ऑरेंज, रेड अलर्ट देते. ‘रेड’ म्हटले की मंठ्यातला शेतकरी गोठ्यातली जनावरे हलवतो. त्याला त्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. परदेश प्रवासासाठी अमेरिकेने अशाच चार पायऱ्या ठरवल्या आहेत आणि चौथीचा अर्थ एकच : जाऊ नका. भारताविषयीच्या त्यांच्या सल्ल्यात पूर्व महाराष्ट्राचाही उल्लेख असतो, इतका तो बारीक असतो. तो आपल्याला पटो न पटो, वाचणाऱ्या अमेरिकन माणसाला आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे कळते. आपल्याकडे प्रत्येक वेळी नव्या शब्दांत सल्ला निघतो आणि त्यातली निकड ज्याची त्याने ओळखायची.

यावर आक्षेप येतील. एखाद्या देशाला ‘रेड’ म्हटले तर संबंध बिघडतात, हा पहिला. अमेरिका मित्रदेशांविषयीही इशारे देते. संबंध तुटत नाहीत. उठसूट इशारे दिले तर लोक ऐकणार नाहीत, हा दुसरा. म्हणूनच तर पायऱ्या हव्यात, म्हणजे साधी सूचना आणि ‘आजच निघा’ यांत गल्लत होणार नाही. तिसरा आक्षेप जवळचाच : जाताच कशाला? जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. पण शंभर जागांनी हा ओघ थांबणार नाही आणि खासगी महाविद्यालयाची फी झेपत नाही तोवर लोक बिश्केक, ताश्कंद शोधतच राहणार. आणि तिथेही धोका आहेच : मे २०२४ मध्ये त्याच बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेल्यावर आपल्या मुलांना ‘घरातच थांबा’ असे सांगावे लागले होते.

युक्रेनमधून, ‘ऑपरेशन गंगा’ ही सुटकेची मोहीम धरून, सुमारे २२,५०० भारतीय परत आले, त्याबद्दल सरकारचे आणि दूतावासातल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानलेच पाहिजेत. पण सुटका हा शेवटचा उपाय आहे. त्याआधीच्या तीन गोष्टी परराष्ट्र मंत्रालयाने आणि राज्य सरकारने कराव्यात. एक, देशवार धोक्याच्या ठरावीक पायऱ्या जाहीर कराव्यात. दोन, वरच्या पायरीचा इशारा निघताच त्याच दिवशी हजेरी, परीक्षा आणि पदवीच्या मान्यतेविषयी वैद्यकीय आयोगाची लेखी हमी निघावी आणि तिकिटांच्या दरावर मर्यादा यावी. तीन, इशारा मराठीत जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पालकांच्या फोनवर यावा. युद्ध सुरू झाल्यावर अडकलेल्या मुलांची नावे जिल्हा प्रशासनांनीच गोळा केली होती. तीच नोंद मूल परदेशी निघतानाच झाली, तर १०७७ या जिल्ह्याच्या आपत्ती मदत क्रमांकावर पालकांनी फोन करण्याची वेळ येण्याआधी तिकडून पालकांना फोन जाईल.

एवढे केल्यावरही कोणी थांबला, तर ‘सांगितले होते’ असे म्हणण्याचा सरकारला पूर्ण अधिकार राहील. आज तो अर्धाच आहे.

आपला,
एक पालक, मंठा (जि. जालना)