छतावर सोलर, घरात अंधार

छतावर तीन किलोवॉटची पॅनेलं, अंगणात रणरणतं ऊन आणि घरातला पंखा बंद. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून सोलर बसवलेल्या अनेकांना हा धक्का पहिल्यांदा लाईट जाते तेव्हाच बसतो. विक्रेत्याला तावातावाने फोन जातो. खरं तर बिघाड काहीच नसतो. महावितरणच्या लाइनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर, लाइनवरची वीज गेली की क्षणार्धात आपणहून बंद पडतो आणि तो तसा पडायलाच हवा. नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि पोलवर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

हे गिऱ्हाइकाला पैसे भरल्यावर कळतं, ही खरी तक्रार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं आणि वीजबिलही चांगलंच उतरतं. पण लाईट गेल्यावर घर चालवायचं तर बॅटरी लागते, आणि अनुदान ठरतं ते पॅनेलच्या क्षमतेवर. बॅटरीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. ‘वीज गेल्यावर ही यंत्रणा बंद राहील’ हे वाक्य प्रत्येक कोटेशनवर मराठीत, सहीच्या जागेच्या वर छापण्याची सक्ती करायला काय हरकत आहे?

ही उणीव हेरून बाजारात ‘सोलर जनरेटर’ आले आहेत. हातात उचलता येईल असं खोकं, आत लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर, पुढच्या बाजूला प्लग पॉइंट, सोबत घडीचं पॅनेल. धूर नाही, धडधड नाही. मात्र खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा वॉटचा असतो आणि पाहायचा असतो तो वॉट-तासांचा. वॉटवरून कोणतं उपकरण चालेल ते कळतं, वॉट-तासांवरून किती वेळ चालेल ते. १,००० वॉट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट. त्यातलं थोडं इन्व्हर्टरच खातो, हाती साधारण ८५० उरतात. ९ वॉटचे चार एलईडी, वायफायचा राउटर आणि ७५ वॉटचे दोन जुने पंखे लावले, तर चार तासांत खेळ आटोपतो. तेच पंखे ३० वॉटचे बीएलडीसी असतील तर आठ तास निघतात. म्हणजे बॅकअपची पहिली खरेदी पंख्याच्या दुकानात व्हायला हवी!

गिझर आणि इस्त्रीचं नावही काढू नये. फ्रीज चालतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना काही पट जास्त वीज ओढतो, तो झटका खोक्याला पेलवला पाहिजे. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा रुग्ण असेल तर हिशेब आणखी कडक. पाच लिटरचं यंत्र ३०० वॉटच्या आसपास घेतं, त्यामुळे हेच खोकं अडीच-तीन तासांत रिकामं होतं.

ज्यांच्याकडे भारनियमनाच्या काळापासून इन्व्हर्टर आहे, त्यांनी या नव्या खोक्याच्या मोहात पडू नये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास मावतात. तिला चार्ज कंट्रोलर आणि छतावर एखादं पॅनेल जोडलं की काम भागतं. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायला विसरू नये, एवढंच.

मग सूर्याचा प्रश्न. १०० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ४०० वॉट-तासांच्या आसपास देतं. आभाळ भरलं की पाव किंवा त्याहूनही कमी. आणि आपल्याकडे लाईट लांबते ती नेमकी वादळ-पावसात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले, कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. विहिरीत पाणी होतं, ते टाकीत चढवायला वीज नव्हती. एक अश्वशक्तीचा पंप सुरू होतानाच लहान खोकं ट्रिप होतं. इथे हायब्रिड इन्व्हर्टर, भिंतीवरची मोठी बॅटरी आणि वादळाची सूचना येताच ती लाइनवरूनच पूर्ण भरून ठेवण्याची सवय लागते.

अशा दिवसांत डिझेल जनरेटरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. लिटरमागे जेमतेम तीन युनिटं मिळतात, म्हणजे युनिट तीस रुपयांच्या घरात जातं. तरी पाऊस कोसळत असताना तो चालतो. तो बंद खोलीत किंवा जिन्याखाली मात्र कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घरोघरी मोठी बॅटरी सगळ्यांना परवडणार नाही. म्हणून किनारपट्टीच्या तालुक्यांत सरकारने निदान ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र आणि गावाची नळपाणी योजना एवढ्या तीन ठिकाणी तरी बॅटरीसह सोलर बसवावं. घरगुती बॅटरीवर अनुदान द्यायचंच झालं, तर त्याची सुरुवात कॉन्सन्ट्रेटर लागणाऱ्या रुग्णांच्या घरांपासून व्हावी.